प्रश्नाची वाटी रिकामी परत करू नये

कोहमारा हे उतरायचं गाव कमी आणि गाडी बदलायचं जास्त. गावकरी रागावतील, पण चौरस्त्यावर तासभर उभं राहून बघा. गोंदियाहून गोरेगावमार्गे आलेला रस्ता इथे मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडतो आणि नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे निघून जातो. महामार्गाने पश्चिमेला साकोली, पूर्वेला देवरी आणि त्यापलीकडे छत्तीसगड. चारही दिशांची माणसं इथे उतरतात, पिशव्या पायाशी ठेवतात आणि पुढच्या गाडीची वाट बघतात. हाताशी वेळ भरपूर, करायला काही नाही. विज्ञानकथेचं वेड असलेल्यांनी एकमेकांना प्रश्न घालायला याहून बरी जागा मला तरी माहीत नाही.

आमची चौकडी इथेच जमते. मी निवृत्त विज्ञानशिक्षक, गोंदियाचे एक माजी रेल्वेवाले काका, मोरगावकडचे एक राईस मिलवाले भाऊ आणि देवरीची अकरावीतली एक मुलगी. ती मामाबरोबर येते. मामाला विज्ञानकथेत काडीचा रस नाही. तो भजी खातो आणि तंटा झाला की पंच होतो. महिन्यातून एकदा भेट, मधल्या काळात कार्डांची ये-जा. असा खेळ तुमच्या गावात, कॉलेजात किंवा गृहसंकुलात मांडायचा असेल, तर आम्ही ठेच लागून जे शिकलो ते तुम्हाला आयतं मिळावं म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही स्पर्धा नव्हे, देवघेव आहे. शेजारून वाटीत भाजी आली तर आपण ती वाटी रिकामी पाठवत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. तसंच इथे. ज्याच्याकडून प्रश्न घेतला त्याला परत प्रश्न द्यायचा, तोही त्याच तोलाचा. समोरच्याला गप्प करण्यासाठी घातलेला प्रश्न आणि त्याला काहीतरी मिळावं म्हणून घातलेला प्रश्न यांतला फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो. पहिल्या जातीच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून माणूस ‘बरं’ म्हणतो. दुसऱ्याचं उत्तर ऐकून ‘अरेच्चा’ म्हणतो, आणि घरी जाऊन ते पुस्तक शोधतो. माझी कसोटी एवढीच: उत्तर चुकलं तरी समोरच्याच्या पदरात काही पडलं का?

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला जयंत नारळीकरांवर प्रश्न करायचा आहे. पहिला मोह होतो तो असा: ‘नारळीकरांनी कोणत्या टोपणनावाने पहिली विज्ञानकथा लिहिली?’ ज्याला ठाऊक आहे तो सांगेल, ज्याला नाही तो आढ्याकडे बघेल. मधली वाटच नाही. आता तोच प्रश्न असा मांडून बघा: ‘१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत एका शास्त्रज्ञाने आपली ओळख लपवून कथा पाठवली. नाव घेतलं ते स्वतःची आद्याक्षरं उलट्या क्रमाने लावून. आडनाव होतं जगताप. शास्त्रज्ञ कोण?’

बघा काय होतं. जगताप म्हणजे ‘ज’ शेवटी. उलटं केलं की ‘ज’ पहिलं. शास्त्रज्ञ, विज्ञानकथा, पहिलं अक्षर ‘ज’. समोरचा माणूस बोटांवर अक्षरं मांडायला लागतो. ज. वि. ना. म्हणजे उलट ना. वि. ज. मग तुम्ही कार्ड उलटं करून दाखवायचं: नारायण विनायक जगताप. वर साखर घालायचीच असेल तर पुढचं सांगायचं, की अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून काढली होती, ‘कृष्णविवर’ हे त्या कथेचं नाव आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. राईस मिलवाल्या भाऊंनी हे ऐकून दुसरा चहा मागवला होता. या प्रश्नात पाठांतराला नव्हे, डोक्याला काम आहे. म्हणून उत्तरापर्यंत जाणारी एक तरी पायरी प्रश्नातच बांधून द्या. दोन असल्या तर उत्तम. चार घातल्या तर ते कोडं राहत नाही, शिकवणी होते. ही सवय मोडायला मला फार दिवस लागले, कारण तीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नव्हतं.

कार्डाबद्दल थोडं. आम्ही जुन्या लग्नपत्रिका वापरतो. जाड कागद, मागची बाजू कोरी, आणि मे महिन्यानंतर प्रत्येक घरात गठ्ठाभर पडलेल्या. पत्रिकेचे चार तुकडे केले की चार कार्डं. माझ्या हातात आत्ता एक आहे. एका बाजूला सोनेरी गणपतीचा अर्धा भाग आणि ‘आमच्या येथे श्री कृपेकरून’, दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत प्रश्न. त्याखाली दुमडलेल्या पट्टीत उत्तर, उत्तराखाली ते कुठून घेतलं त्या पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पान, आणि कोपऱ्यात प्रश्न ज्याच्या हातांतून गेला त्या प्रत्येकाची सही. पुस्तकाचं नाव लिहिणं टाळू नका. सगळ्यांत जास्त भांडणं तिथे वाचतात. मोबाईलवर खेळणार असाल तरी हेच करा, फक्त उत्तर त्याच निरोपात खाली टाकू नका. बोट घसरतं आणि मजा जाते.

पान लिहायचं म्हणजे ते पान डोळ्यांनी बघायचं. इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. माझं कार्ड होतं: ‘रोबोट हा शब्द कोणी शोधला?’ उत्तर लिहिलं होतं, कारेल चापेक, नाटक ‘आर. यू. आर.’, १९२०. रेल्वेवाले काका म्हणाले, “सर, लेखक तो, पण शब्द त्याचा नाही न जी.” आणि खरंच नाही. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने, आणि कारेलनेच हे श्रेय भावाला देऊन ठेवलं आहे. मी ते कुठल्याशा तयार यादीतून उचललं होतं. वर्गात पोरं गाईडमधून उत्तरं उतरवतात म्हणून मी ओरडायचो, आणि इथे मीच उघडा पडलो. मामाने निकाल दिला: कार्ड परत, भज्यांची प्लेट माझ्याकडून.

पण त्या फजितीतून दोन चांगली कार्डं निघाली. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे धन्यासाठी फुकट राबणं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. त्यावरून प्रश्न झाला: ‘कोणत्या यंत्राच्या नावाचा मूळ अर्थ वेठबिगारी?’ दुसरं कार्ड: ‘चापेकच्या नाटकातले रोबोट लोखंडाचे होते का?’ नव्हते. ते कृत्रिम जिवंत द्रव्यापासून घडवलेले, दिसायला थेट माणसासारखे. पत्र्याचा रोबोट नंतर आला आणि आपल्या डोळ्यांत तोच बसला.

सगळ्यांना ठाऊक आहे असं वाटणारी उत्तरं सगळ्यांत आधी तपासा. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८च्या चित्रपटातल्या संगणकाचं नाव हॅल. एच, ए, एल या तिन्ही अक्षरांच्या पुढचं एकेक अक्षर घेतलं की आय, बी, एम होतं. म्हणून ते नाव मुद्दाम ठेवलं, असं ठोकून सांगणारे पुष्कळ भेटतील. चित्रपटाचे सहलेखक आर्थर क्लार्क मात्र हा योगायोग आहे असं सांगत राहिले. तेव्हा ‘हॅल हे नाव कशावरून?’ असा प्रश्न घालू नका, ‘हॅलबद्दलची कोणती समजूत क्लार्कनी नाकारली?’ असा घाला. तसंच १९८०च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या त्या प्रसिद्ध प्रसंगाचं. डार्थ व्हेडर आपण बाप असल्याचं सांगतो तेव्हा तो ‘ल्यूक’ अशी हाक मारतो, हे पैजेवर सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या वाक्यात ती हाक नाहीच. हल्ली फोनला विचारलं की फोन झटकन उत्तर देतो आणि चुकीचं असलं तरी तितक्याच ठामपणे देतो. त्याच्यावर विसंबून कार्ड लिहू नका.

‘पहिला’, ‘पहिली’, ‘पहिलं’ या शब्दांपासून तर चार हात लांबच राहा. ‘मराठीतली पहिली विज्ञानकथा कोणती?’ हे कार्ड आमच्याकडे तीन वेळा आलं आणि तिन्ही वेळा भजी गार झाली. कोणी म्हणेल, विसाव्या शतकाच्या तोंडाशी ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नवरून केलेली ‘चंद्रलोकची सफर’ आली होती. दुसरा म्हणेल, भाषांतर कशाला धरता, नाथमाधवांची ‘श्रीनिवासराव’ घ्या. तिसरा श्री. बा. रानडे यांच्या ‘तारेचे हास्य’वर अडून बसेल. तिघंही आपापल्या जागी बरोबर. चूक प्रश्नाची, कारण विज्ञानकथा कशाला म्हणायचं हे त्याने ठरवलेलंच नाही. हाच ऐवज वाया घालवायचा नसेल तर उलटा फिरवा: ‘चंद्रावर जाण्याची व्हर्नची गोष्ट मराठी वाचकाला केरळात सुरू झालेल्या कोणत्या मासिकाने वाचायला दिली?’ आता उत्तर एकच, आणि केरळात मराठी मासिक सुरू झालं होतं हे कळल्यावर ऐकणारा सरसावून बसतो.

एकच उत्तर हवं, हे आमच्या तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जिल्ह्यात अर्जुन्या दोन आहेत, एक सडक अर्जुनी, एक अर्जुनी मोरगाव. नुसतं ‘अर्जुनीला ये’ म्हटलं तर पाहुणा भलतीकडेच जाऊन बसायचा. कार्ड लिहून झालं की स्वतःलाच विचारा, कोणती अर्जुनी?

मराठीत लिहिताना तर हा घोळ जास्तच होतो. इंग्रजीत ज्यांची स्पेलिंगं वेगळी ती दोन माणसं देवनागरीत एक होऊन जातात. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी एच. जी. वेल्स यांची, १८९८ची. तीच गोष्ट ३० ऑक्टोबर १९३८ला अमेरिकेत रेडिओवर बातम्यांच्या थाटात ऐकवून श्रोत्यांना घाबरवणारा ऑर्सन वेल्स. दोघेही ‘वेल्स’! भाऊंनी नुसतं ‘वेल्स’ असं उत्तर दिलं आणि अर्धा तास कोणते वेल्स यावरच गेला. तेव्हा परदेशी नाव पूर्ण लिहा. मात्र उच्चारावरून कोणाचे गुण कापू नका. असिमोव्ह म्हणो की आसिमॉव, माणूस कळला म्हणजे झालं.

पुस्तकांच्या नावांचंही तसंच. व्हर्नच्या एकेका कादंबरीला मराठीत वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळी नावं मिळाली. भा. रा. भागवतांचं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ लहानपणी वाचलेल्या माणसाला मूळ फ्रेंच किंवा इंग्रजी नाव सांगा, तो नकारार्थी मान हलवेल. कथा मात्र त्याला तोंडपाठ असते. तेव्हा प्रश्नात मराठी नाव द्या, जमलं तर मूळही द्या, आणि अनुवादकाचं नाव कधीही गाळू नका. भागवतांनी फास्टर फेणे घडवला हे सगळे सांगतात, पण मराठी पोरांना व्हर्नच्या तोफेत बसवून चंद्राकडे पाठवलं तेही त्यांनीच.

एकाच कथेला दोन भाषांत दोन नावं असणं हा खरं तर फार मोठा खजिना आहे. देवरीच्या मुलीने आम्हाला त्यातच गाडलं. तिचं कार्ड असं: ‘डेक्कन क्वीनपेक्षा पुष्कळ वेगाने पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी कोणती?’

रेल्वेवाले काका हसले. त्यांची सगळी नोकरी रुळांवर गेलेली. त्यांनी बोटं मोडत गाड्या मोजल्या, शताब्दीपासून वंदे भारतपर्यंत. ती प्रत्येक नावाला मान हलवायची. शेवटी काका चिडले. “पोरी, असली गाडी नाही. मी सांगतो ना तुला, नाही.” “आहे ना काका. तुम्ही वाचली नाही.” मी हात टेकले. भाऊंनीही टेकले. तिने पट्टी उलगडली: जिजामाता एक्स्प्रेस.

ती अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातल्या ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या पाठातली गाडी. एनसीईआरटीच्या पुस्तकात असलेला हा धडा म्हणजे नारळीकरांच्याच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चं इंग्रजी रूप. १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर इतिहास कोणत्या रुळावर गेला असता, त्या दुसऱ्या जगात प्राध्यापक गायतोंडे प्रवास करतात, आणि तिथली गाडी साहजिकच तिथल्याच इतिहासातली. मी ती कथा ‘यक्षांची देणगी’मध्ये कितीदा तरी वाचली होती. पण पाठ्यपुस्तकातला धडा म्हणून तिने ती ओळ न् ओळ वाचली होती, मी गोष्ट म्हणून भराभर. काकांनी त्या दिवशी कार्डावर सही केली ती रेल्वेच्या जुन्या झोकात, तारीख आणि वेळेसकट. पुढच्या भेटीला ते ‘यक्षांची देणगी’ घेऊन आले, वाचून झालेलं.

यात तुमच्या उपयोगाचं असं, की वय, शाळा, नोकरी यांच्या चौकटीत प्रश्न वाटू नका. मुलांना सोपे, मोठ्यांना अवघड, ही विभागणी फसवी आहे. मुलीला ‘जादू’ची शक्ती कशातून येते ते ठाऊक असतं, ‘कोई मिल गया’ २००३चा असला तरी घरोघरी अजून लागतो. तिला दूरदर्शनवरचा ‘कॅप्टन व्योम’ माहीत नाही आणि तो माहीत नसल्याने तिचं काही अडत नाही. प्रत्येकाकडून दर वेळी तीन कार्डं घ्या: एक सगळ्यांना येईल असं, एक निम्म्यांना, एक कोणालाच येणार नाही असं वाटणारं. बहुधा तिसरंच आधी सुटतं.

रीतिभातीबद्दल लांबण लावत नाही. कथेचा शेवट फोडणारा प्रश्न घालायचा नाही, समोरच्याने ती वाचली आहे याची खात्री असल्याशिवाय तर मुळीच नाही. ‘सोडलं’ असं तोंडाने म्हटल्याशिवाय उत्तर सांगायचं नाही. उत्तर आलं नाही म्हणून हसायचं नाही. हसू आलंच तर चहा पाजायचा. वाद झाला तर कार्ड देणाऱ्याने पुरावा दाखवायचा, नाही दाखवता आला तर कार्ड मागे घ्यायचं. पंच म्हणून शक्यतो विषयातलं काही न कळणारा माणूस नेमा, त्याला फक्त कागद दिसतो. फोन बंद ठेवण्याबद्दल मात्र आम्हाला नियम करावा लागला नाही. एकदा नवेगावच्या जंगलाच्या कडेला बैठक घेतली होती, तिथे रेंजच नव्हती. इतकी प्रामाणिक फेरी पुन्हा झाली नाही.

प्रश्नांचा माल कुठून आणायचा? रद्दीच्या दुकानातून. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’चे जुने अंक, मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेचे गठ्ठे, जुने दिवाळी अंक, तालुक्याच्या वाचनालयातलं सगळ्यांत धुळकट कपाट. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचे कथासंग्रह बहुतेक ठिकाणी मिळतात. लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइनस्टाइन’ शोधाच. तिचं इंग्रजी रूप जेम्स गन यांनी जगभरातल्या विज्ञानकथांच्या संकलनात घेतलं आहे. बाहेरचं वाचताना आपल्याकडे येणारा धागा दिसला की लगेच टिपून ठेवा. क्लार्क यांच्या १९७३च्या कादंबरीत सूर्यमालेत शिरणाऱ्या परक्या यानाला ‘राम’ हे नाव का मिळालं? ग्रीक आणि रोमन देवांची नावं खगोलशास्त्रज्ञांनी वापरून संपवली होती म्हणून. आमच्याकडे या प्रश्नावर रामटेकपर्यंत गप्पा गेल्या.

आणि आता माझी वाटी. तुम्ही इथवर वाचलंत, तेव्हा तुम्हाला एक कार्ड लागू होतं. १९६४ साली केंब्रिजमध्ये नारळीकरांनी आपल्या गुरूबरोबर गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. विश्वाच्या स्फोटक जन्माची कल्पना या गुरूला कधीच पटली नाही, आणि तरी तिला आज जग ज्या नावाने ओळखतं ते नाव रेडिओवर बोलताना त्यानेच दिलं. १९५७ साली त्याने एक कादंबरी लिहिली, तिच्यात सूर्याजवळ येऊन थांबलेला एक प्रचंड काळा ढग चक्क विचार करतो. गुरू कोण, आणि कादंबरी कोणती?

उत्तर दुमडलेल्या पट्टीत लिहिलेलं आहे. पण ते कार्ड सध्या माझ्याकडे नाही, परवाच्या गाडीने देवरीला गेलं.